मशीन थंड, तक्रार निकाली

माझे मिस्टर एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि जीभही जड झाली. दवाखान्यातून साखरखेर्ड्याला घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे मोजकेच शब्द उरले होते. पाणी, नको, हो, असे काही, आणि एक शिवी, जी कार्यशाळेत रोजच्या वापरातली म्हणून बहुधा टिकली असावी.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात सगळ्यात जास्त काय लागतं, असं कोणी विचारलं तर मी औषध म्हणणार नाही. कोरडी चादर म्हणेन. दिवसाला चार, कधी पाच चादरी बदलाव्या लागतात. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही, आमच्याकडच्या उन्हात जाड सतरंजीसुद्धा बघता बघता कडक होते. पण झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पहिल्या पावसाळ्यात मी घरभर दोऱ्या बांधल्या, ओल्या चादरींवर इस्त्री फिरवली, तापलेल्या तव्यावर उशीचे अभ्रे धरले. दुसऱ्या वर्षी मात्र मृग लागायच्या आधीच मी हट्टाने कपडे वाळवायचं मशीन घेतलं. ड्रायर.

शेजारीण मुद्दाम पाहायला आली. "धुवाचं मशीन समजलं ताई, पण वाळवाले मशीन? मंग सूर्य कोन्या कामाचा?"

"त्याले सांग ना, श्रावणात येत जाय म्हणा," मी म्हणाले.

मशीन बसवायला कंपनीचा माणूस शहरातून आला होता. मिस्टरांची खाट ज्या खोलीत आहे तिच्या बाहेरच्या पडवीत त्याने ते ठेवलं. मशीनच्या आतली गरम दमट हवा बाहेर काढायला मागून एक जाडसर पाइप असतो, तो भिंतीतून बाहेर सोडावा लागतो. मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तोवर मशीन भिंतीला सारून त्याचं काम उरकलेलं होतं. त्याने एक कागद पुढे केला, मी सही केली. चहा न घेताच तो गेला.

पावसाळा लागला आणि मला वाटलं, आता आपण सुटलो. धुतलेल्या चादरी आत टाकायच्या, तासाभराने गरम, हलक्या, घडी घालायला तयार. मिस्टरांच्या पाठीखाली गरम चादर सरकवली की ते डोळे मिटायचे. आषाढ असा गेला. श्रावणातल्या झडीच्या तिसऱ्या दिवशी मी दार उघडून चादर ओढली, तर ती टाकली तशीच थंड आणि जड. मशीन फिरत होतं, दिवे लागत होते, आवाज नेहमीचाच होता. फक्त ऊब नव्हती.

मी काही अडाणी बाई नाही. एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. विज्ञानाचे सर वर्गात समजावायचे, पण सर्किट मी जोडून ठेवलेलं असायचं, मीटर चालू आहे की नाही ते मी पाहिलेलं असायचं. मुलांसमोर मीटरला हात लावायची मात्र मला परवानगी नव्हती. ते असो. सांगायचं एवढंच की मला वीज काय ते कळतं. घरात माझा स्वतःचा मल्टिमीटर आहे. तरीही मी कंपनीच्या नंबरवर फोन लावला, कारण मशीनच्या मागच्या झाकणावर एक चंदेरी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की ही फाटली तर वॉरंटी गेली.

"मशीन फिरून राह्यलं, पण गरम नाही होऊन राह्यलं," मी म्हणाले. घाईत असले की मला घरचीच बोली येते.

पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, तुम्हाला मराठी जमत नसेल तर आपण हिंदीत बोलूया का?"

"मी मराठीच बोलून राह्यली," मी म्हणाले.

मग तिने विचारलं, फिल्टर साफ करता का? करते, दर खेपेला. दार नीट लागतं का? नाही लागलं तर मशीन फिरलंच नसतं. बटण बंद करून दहा मिनिटांनी चालू करून पाहिलं का? पाहिलं, तीनदा. तिने तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी माणूस येईल म्हणाली. चार दिवस म्हणजे किती चादरी, हे तिला कळायचं काही कारण नव्हतं.

माणूस आला, चाळिशीचा असेल. कंपनीचा टी-शर्ट, पाठीला बॅग. बॅग त्याने शेवटपर्यंत उघडली नाही. आल्या आल्या विचारलं, "घरी कोणी माणूस नाही का?"

"आहे ना. खाटेवर."

त्याने खोलीत डोकावून पाहिलं. "तसं नाही मॅडम. मशीनचं समजणारं कोणी."

ज्या माणसाने उभी हयात इंजिनं उघडण्यात आणि जोडण्यात घालवली, तो चार हातांवर पडलेला होता आणि हे ऐकत होता. मी काही बोलले नाही. त्या न बोलण्याचा मला आजही राग येतो.

त्याने मशीन चालू केलं, दाराच्या काचेला तळहात लावला, मिनिटभर थांबला आणि म्हणाला, "एलिमेंट गेलं." म्हणजे आतली तापणारी तार.

"मागचं झाकण न उघडता?"

"अनुभव असतो मॅडम."

"माझ्याजवळ मीटर आहे. आणू?"

तो हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मुलाने आपली पाटी आणून दाखवावी तेव्हा हसतात तसं हसला. "गावची लाइट तुमची खराब. त्यात तुम्ही लोकं मशीनमध्ये कोंबता. मग एलिमेंट जाणारच."

त्या 'तुम्ही लोकं'मध्ये कोण कोण होतं ते मी विचारलं नाही. गावातले, की बायका, की भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे त्याची नजर गेली होती, म्हणून आणखी कोणी. तीन चादरींच्या वर मी कधी टाकल्या नव्हत्या. तसं सांगितलंही. तो मोबाइलमध्ये काहीतरी भरत होता.

तेवढ्यात आतून मिस्टरांचा आवाज आला. "हवा."

हा शब्द त्यांच्याकडे नव्याने आला होता. गेल्या काही दिवसांपासून म्हणत होते.

"काकांना गरम होतंय वाटतं," तो म्हणाला.

मी आत जाऊन पंखा वाढवला. ते डाव्या हाताने नको नको करत राहिले. परत आले तर तो म्हणाला, "तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा. मी येऊन गेलो त्याचा." मी सांगितला. तो गेला. फाटकाची कडी लागली न लागली तोच दुसरा मेसेज आला. तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला पाच तारे द्या.

मी तो मेसेज उभ्याने तीनदा वाचला. पडवीत मशीन थंड फिरत होतं, बादलीत चार चादरी होत्या, आणि माझं समाधान झालं होतं. मी स्वतःच्या तोंडाने आकडे सांगून ते केलं होतं.

पुन्हा फोन लावला. या वेळी दुसरीच कोणीतरी होती. "मॅम, तुमची तक्रार क्लोज दिसतेय. ओटीपी तुम्हीच दिलाय ना?"

"तो आल्याचा म्हणून दिला. मशीन तसंच आहे."

"पण मॅम, सिस्टिममध्ये सॉल्व्ह दाखवतंय."

"तुमच्या सिस्टिमच्या खाली घालायला मी कोरडी चादर आणू, की माझ्या माणसाच्या?" मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला होता की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. शेवटी नवी तक्रार झाली. एलिमेंट मागवावं लागेल, तीन आठवडे लागतील. आणि मॅम, तोवर मशीन उघडू नका, वॉरंटी जाईल.

पुन्हा दोऱ्या बांधल्या. पुन्हा इस्त्री. घराला ओल्या कापडाचा कुबट वास आला आणि तो भाताला, उशीला, माझ्या केसांनाही लागला. चादर वरून कोरडी वाटायची, पण हात दाबून धरला की आत ओल असायचीच. आठवडाभराने आरोग्य केंद्रातली सिस्टर त्यांना पाहायला आली. तिने कूस वळवली आणि माकडहाडापाशी बोट ठेवलं. तिथे रुपयाएवढा लाल डाग होता.

"ताई, ओल राहू देऊ नका," ती म्हणाली. "जखम झाली की मग कठीण आहे."

ती रागावून बोलली नाही. पण मला ते असं लागलं की ती गेल्यावर मी पडवीत जाऊन त्या मशीनसमोर नुसती उभी राहिले. मिस्टर आतून म्हणत होते, "हवा. हवा." मी तिथूनच ओरडले, "किती हवा पाहिजे तुमाले? पंखा पाचवर हाय! घरात एक कापड वाळून नाही राह्यलं अन् तुमचं हवा हवा!"

नंतर आत जाऊन पाहिलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेले. गावातल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी तिथेच येतात. दुकान चालवणारे भाई माझ्या शाळेत शिकलेले, पन्नाशीला आलेले. त्यांचे अब्बाही हेच काम करायचे. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली.

"मॅडम, त्यानं झाकण खोललंच नाही?"

"नाही."

"मीटर?"

"नाही."

"मंग एलिमेंट गेलं हे त्याले कोनी सांगतलं?" ते उठलेच. "चला."

घरी आल्यावर त्यांनी आधी खोलीत जाऊन मिस्टरांना सलाम केला, तब्येत विचारली. मग पडवीत आले आणि त्या चंदेरी पट्टीकडे बोट दाखवून माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि ती पट्टी स्वतः कापली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मशीन थोडं पुढे, थोडं तिरकं ओढून त्यांनी पेचकसाने झाकण काढलं. प्लग आधीच काढून ठेवला होता. ते म्हणाले, "लावा मॅडम, तुमीच लावा मीटर." मी एलिमेंटच्या दोन टोकांना दोन काड्या लावल्या. काटा नव्हे, हल्ली आकडे येतात. पंचवीस ओहमच्या आसपास आकडा आला. म्हणजे एलिमेंट धडधाकट. ज्याच्यासाठी मला तीन आठवडे थांबायला सांगितलं होतं, ते कुठेही गेलेलं नव्हतं. मग त्याच्या शेजारच्या बारीकशा गोल कटआउटला मीटर लावला. मशीन फार तापलं तर विजेचा रस्ता तोडायला ते बसवलेलं असतं. तिथे रस्ता तुटलेला होता. त्याच्या मधोमध एक लाल बटण होतं, हरभऱ्यापेक्षा लहान. भाईंनी ते दाबलं. टक्क वाजलं.

प्लग लावला, मशीन चालू केलं. पाचच मिनिटांत काच गरम.

मला हसू आलं, आणि हसता हसता संताप आला. एका बटणासाठी? त्या माणसाने चार पेच काढले असते तर त्या लाल डागाची वेळच आली नसती.

"थांबा मॅडम," भाई म्हणाले. "एवढ्यात खूश होऊ नका. हे पडलं काऊन, ते पाह्यलं पाहिजे."

मी घाईने तीन चादरी टाकल्या. आम्ही चहा प्यालो. वीस मिनिटांनी दार उघडलं तर चादरी कोमट, आणि बघता बघता मशीन पुन्हा थंड. कटआउट पुन्हा पडलं होतं.

शेजारीण तोवर आत येऊन बसली होती. ती म्हणाली, "ते बटण काढून तार डायरेक्ट जोडून द्या ना भाऊ. आमच्या मोटारीचं तसंच करतात."

"नाही," भाई म्हणाले, जरा कडकच. "आत कापड हाय. खाटेवर माणूस हाय. आग लागली तं त्याले उचलून कोन नेईन? मी असं काम करत नाही." त्यांनी पुन्हा बटण दाबलं, मशीन लावलं आणि कान देऊन ऐकत बसले.

आतून आवाज आला. "हवा."

मी उठणार तेवढ्यात भाईंनी मला हाताने थांबवलं. ते दारात जाऊन उभे राहिले. "काय म्हनता भाऊ?"

मिस्टरांनी डाव्या हाताचं बोट पडवीकडे केलं. "हवा." मग तोच हात स्वतःच्या तोंडासमोर नेला, फुंकर मारली आणि पंजा तोंडावर गच्च दाबला. पुन्हा फुंकर, पुन्हा पंजा. चेहरा लाल झाला, तरी करत राहिले.

भाई माझ्याकडे वळले. "मॅडम, ते पंख्याचं नाही म्हनत. मशीनची हवा कोंडून राह्यली म्हनतात."

मिस्टरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

आम्ही धावत घराच्या मागे गेलो. भिंतीतून जिथे पाइप बाहेर यायचा तिथे मी हात धरला. मशीन आत जोरात चालू होतं आणि बाहेर माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं. श्वासाएवढीही हवा नाही. परत येऊन आम्ही दोघांनी मशीन भिंतीपासून पूर्ण ओढलं, बसवल्यापासून पहिल्यांदाच. पाइप माझ्या वितीएवढ्या घेराचा होता. भिंतीतलं भोक निम्म्याचं. मोठं भोक पाडायचा कंटाळा केला असेल, नाहीतर हत्यार विसरला असेल. त्या पहिल्या माणसाने पाइप चुरगाळून, मुरगाळून त्या भोकात कोंबला होता आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली होती. त्या चिमटलेल्या तोंडाशी चादरींतून झडलेलं राखाडी तूस साचून गच्च बोळा झाला होता. हवेला बाहेर जायला जागाच नव्हती. मशीन आतल्या आत तापायचं आणि कटआउट आपलं काम चोख करून त्याला बंद पाडायचं. सगळ्या कंपनीत तेवढं एकच इमानदार निघालं.

कोंबणारी मी होते, असं मला सांगण्यात आलं होतं.

भाईंनी दुकानातून छिन्नी-हातोडी आणली, भोक मोठं केलं, पाइप सरळ करून बसवला. मी विटांचा चुरा भरत होते. दुपारी दोनच्या सुमाराला पहिली चादर निघाली. हातात धरवेना एवढी गरम. मी ती झटकली, जरा निवू दिली आणि मिस्टरांच्या पाठीखाली घातली. मग खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुमी सांगून राह्यले होते अन् मी ऐकलं नाही."

त्यांनी ती शिवी दिली. कोणाला दिली ते स्पष्ट नव्हतं. मी धरून चालले की कंपनीला.

पण खरं सांगते, त्या दिवसापासून माझा अर्धा राग माझ्यावरच आहे. तो टी-शर्टवाला माझ्याकडे न पाहता माझ्याच मशीनबद्दल बोलला, म्हणून मी पेटले होते. आणि मी? दिवसातून दहा वेळा त्यांच्या बोलण्यावर पंख्याचं बटण फिरवत होते. त्यांनी पडल्या पडल्या, नुसत्या आवाजावरून, दोष ओळखला होता. मोटारीवर ताण येतोय, हवा जात नाहीये, हे त्यांना खाटेवरून कळलं, आणि ते सांगायला त्यांच्याकडे एकच शब्द होता.

कंपनीला मी हाताने पत्र लिहिलं, चार पानी. पाइपचा, भोकाचा, त्या बोळ्याचा फोटो जोडला. महिन्याभराने कोणी साहेब बोलले. म्हणाले, "मॅडम, मशीन आता चालू आहे ना? मग अडचण काय आहे?"

"अडचण अशी आहे की या भागात तुमच्या त्या माणसाने आणखी किती घरांत पाइप असे कोंबले, ते तुम्हाला माहीत नाही. आधी ते पाहा."

"नोंद घेतो मॅडम." आवाज सपाट होता. नंतर मला कळलं की हिवरा आश्रमाकडच्या एका घरी माणूस जाऊन खरोखरच पाइप बदलून आला. कोणीतरी पत्र वाचलं असावं. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. वॉरंटी गेल्याचं पत्र तेवढं वेळेवर आलं.

डाग जायला दिवाळी उजाडली.

हल्ली आठवड्यातून दोनदा मेहकरहून व्यायाम करवायला एक डॉक्टर येतात. चांगले आहेत, पण मागच्या खेपेला त्यांनी मिस्टरांचा पाय वाकवत माझ्याकडे पाहून विचारलं, "काका जेवतात का नीट?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

ते जरा गोंधळले. मग विचारलं. मिस्टर ओठ जुळवत राहिले. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही केल्या बोलले नाही.

"भाकर," मिस्टर म्हणाले. पुन्हा ओठ हलले. "कडक... करते."

डॉक्टर हसले. मी नाही हसले. मी मिस्टरांना विचारलं, "मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाही?"